मानवी गंधग्राही प्रथिने आणि प्रयोगशाळेतील त्यांची निर्मिती
(एका व्याख्यानाचा मजकूर)



पंचज्ञानेंद्रियांपैकी नाकाकडे समाजाचे लक्ष सर्वांत कमी गेलेले आहे. शाळेत मुलांची दृष्टी तपासली जाते, मूल वर्गात लक्ष देत नसेल तर त्याला ऐकू येते की नाही याची चौकशी होते. वास येतो किंवा नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास म्हटला की फुले, अत्तर, उदबत्ती आणि पक्वान्ने आठवतात आणि त्यामुळे घ्राणेंद्रिय हे चैनीचे इंद्रिय होय, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे एका जुन्या दुर्घटनेवरून ध्यानात येते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे एक गाव आहे. तेथील शाळेची इमारत उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू वापरला जात असे. त्या वायूला मुळात वास नव्हता. नळातून गळलेला वायू इमारतीखालच्या पोकळीत साठत राहिला आणि कोणालाही त्याची चाहूल लागली नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास, विजेच्या उपकरणाची एक ठिणगी पडली आणि संपूर्ण इमारत उद्ध्वस्त झाली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी, जळणाच्या वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचा कायदा टेक्सासमध्ये करण्यात आला आणि ही पद्धत पुढे अन्य देशांनीही स्वीकारली.

आज आपल्या घरोघरी गॅसचा सिलिंडर आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर तो खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांतही मोठ्या प्रमाणावर पोहोचला. त्यातील प्रोपेन व ब्युटेन या वायूंना स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती झाल्यास जो उग्र दर्प येतो, तो त्यांत मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या गंधकयुक्त द्रव्याचा. याचा अर्थ असा की, सिलिंडर, नळी आणि रेग्युलेटर यांच्या सुरक्षिततेची सारी व्यवस्था अखेरीस माणसाच्या नाकावर विसंबून आहे.

मग स्वाभाविकच प्रश्न उद्भवतो की, हवेतील इतक्या अल्प द्रव्याची वार्ता नाकाला कळते कशी? आणि ती प्रत्येकाच्या नाकाला सारखीच कळते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी गेली काही दशके शास्त्रज्ञ एका अवघड उद्योगात गुंतले आहेत. तो उद्योग म्हणजे, माणसाच्या नाकातील गंध ओळखणारी प्रथिने नाकाबाहेर, प्रयोगशाळेत तयार करणे.

नाकात काय घडते?

नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या भागात एक लहानशी ओलसर त्वचा असते. तिच्यात लक्षावधी मज्जापेशी असून प्रत्येक पेशीच्या टोकाला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. या तंतूंच्या पृष्ठभागावर जी प्रथिने बसविलेली असतात, त्यांना गंधग्राही प्रथिने म्हणतात. हवेतून आलेला गंधद्रव्याचा रेणू योग्य त्या प्रथिनाच्या खोबणीत बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, पेशीच्या आत रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते आणि शेवटी विजेचा सूक्ष्म संकेत मेंदूकडे जातो.

या प्रथिनांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उंदराच्या जातीतील प्राण्यावर, म्हणजे घुशीएवढ्या पांढऱ्या प्रयोगप्राण्यावर केलेल्या अभ्यासातून लावला. त्याबद्दल त्यांना २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. माणसाच्या शरीरात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत. डोळ्याला रंग ओळखण्यासाठी तीन प्रकारची ग्राही प्रथिने पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे ४०० या संख्येचे महत्त्व कळते. साधारणतः प्रत्येक मज्जापेशी या ४०० पैकी एकाच प्रकारचे प्रथिन बाळगते.

तथापि, एका वासासाठी एक प्रथिन असा सरळ हिशेब येथे नाही. एक गंधद्रव्य अनेक प्रथिनांना कमीअधिक प्रमाणात जागे करते आणि एक प्रथिन अनेक द्रव्यांना प्रतिसाद देते, असे १९९९ मध्ये बक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मराठी वर्णमालेतील मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द तयार होतात, तसेच हे आहे. कोणकोणती प्रथिने एकाच वेळी जागी झाली, यावरून मेंदू वास ओळखतो.

या क्षेत्रात मुंबईचेही एक जुने योगदान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. तेथे १९७० च्या दशकात ते आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंध व रुची या संवेदनांचा आनुवंशिक अभ्यास केला. वास ओळखण्यात दोष असलेल्या माश्यांच्या जाती त्यांनी वेगळ्या काढल्या आणि वासाच्या ज्ञानामागे विशिष्ट जनुके आहेत, या विचाराला प्रायोगिक आधार दिला. गंधग्राही जनुके प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वी एक तपाहून अधिक काळ हे काम झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुनर्संयोजित प्रथिन म्हणजे काय?

एखाद्या प्रथिनाचा अभ्यास करावयाचा तर ते पुरेशा प्रमाणात व शुद्ध स्वरूपात हाती यावे लागते. माणसाच्या नाकातून ते काढणे अशक्यप्राय आहे. कारण प्रत्येक प्रकारचे प्रथिन फार थोड्या पेशींत असते आणि जिवंत माणसाच्या नाकातून तेवढी त्वचा काढता येत नाही. यास्तव दुसरा मार्ग अवलंबिला जातो. त्या प्रथिनाचे जनुक, म्हणजे ते कसे घडवावे याची लिखित सूचना, माणसाच्या डीएनएमधून उतरवून घेतली जाते. ती एखाद्या जिवाणूच्या, यीस्टच्या किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या अन्य पेशीच्या आत घातली जाते. ती पेशी मग परक्याची सूचना आपलीच समजून ते प्रथिन घडवू लागते. अशा प्रथिनास पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात.

ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. मधुमेहाच्या रोग्यांना लागणारे मानवी इन्शुलिन १९७८ मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून वापरात आले. बालकांना हिपॅटायटिस बी या प्रकारच्या काविळीविरुद्ध जी लस देतात, तीही याच पद्धतीची. यीस्टच्या पेशींकडून विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन घडवून घेतले जाते. भारतात अशी लस १९९७ मध्ये हैदराबाद येथे तयार होऊन बाजारात आली.

इन्शुलिनला जे साधले ते गंधग्राही प्रथिनांना का साधू नये, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ही प्रथिने अतिशय हट्टी निघाली.

अडचण कोठे होती?

इन्शुलिन पाण्यात विरघळते. गंधग्राही प्रथिनाचे तसे नाही. सुमारे ३०० ते ३२० अमिनो आम्लांची त्याची साखळी पेशीच्या स्निग्ध आवरणातून, म्हणजे पेशीपटलातून, सात वेळा आरपार जाते. शिवणातील दोरा जसा कापडाच्या दोन्ही बाजूंना येत-जात राहतो, तशीच ही रचना असते. त्या स्निग्ध आवरणाच्या आधाराशिवाय प्रथिन आपला आकार धरू शकत नाही. ते चुरगळून गोळा होते आणि निकामी ठरते.

दुसरी अडचण याहून मोठी होती. संशोधनात एका विशिष्ट जातीच्या मानवी पेशी फार वापरल्या जातात. नेदरलँड्समधील लायडेन येथे १९७३ मध्ये मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार करण्यात आल्या असून त्यांना एचईके २९३ असे नाव आहे. या पेशींत गंधग्राही जनुक घातले असता प्रथिन घडत असे, परंतु ते पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतच नसे. पेशीच्या आत जेथे प्रथिने घडतात व त्यांची तपासणी होते, तेथेच ते अडकून पडे आणि पुढे नष्ट केले जाई. पहारेकरी नेमला, पण तो वेशीवर न येता कोठारातच कोंडला गेला, असा तो प्रकार होता. वास बाहेर आणि प्रथिन आत; मग ओळख पटणार कशी?

यावर दोन तोडगे निघाले. पहिला १९९८ मधला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी गंधग्राही प्रथिनाच्या आरंभी, डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचा छोटासा तुकडा जोडला. ऱ्होडॉप्सिन पेशीच्या पृष्ठभागावर सहज पोहोचते. त्याचा तुकडा जणू परवान्यासारखा उपयोगी पडला आणि काही प्रथिने बाहेर येऊ लागली. दुसरा तोडगा अधिक मूलगामी होता. ड्यूक विद्यापीठातील हिरोआकी मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की, नाकातील पेशींत हे प्रथिन पृष्ठभागावर पोहोचते, तेव्हा तेथे त्याला नेणारे कोणीतरी असलेच पाहिजे. शोध घेता त्यांना अशी साहाय्यक प्रथिने सापडली व २००४ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. त्यांना आरटीपी या नावाने ओळखतात. मूत्रपिंडाच्या पेशींत गंधग्राही जनुकाबरोबर या साहाय्यकांचीही जनुके घातली असता अनेक गंधग्राही प्रथिने पृष्ठभागावर येऊन काम करू लागली.

काजव्याचा दिवा

प्रथिन पृष्ठभागावर आले, तरी त्याला वास कळला हे ओळखायचे कसे? यासाठी योजलेली युक्ती शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी अशी आहे. काजव्याच्या शरीरात प्रकाश निर्माण करणारे ल्युसिफरेज नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक त्याच पेशींत अशा रीतीने घातले जाते की, गंधग्राही प्रथिन जागे होऊन संदेशांची साखळी सुरू झाली तरच ते काम करू लागेल. मग छोट्या छोट्या खळ्यांच्या तबकात पेशी वाढवून प्रत्येक खळीत एकेक गंधद्रव्य घालतात, काही तास थांबतात आणि काजव्याच्या प्रथिनाला लागणारे द्रव्य टाकून कोणती खळी किती उजळली हे यंत्राने मोजतात. जेथे प्रकाश अधिक, तेथे ओळख पटली.

या पद्धतीने २००९ मध्ये ९३ गंधद्रव्ये आणि माणूस व उंदीर यांची मिळून ४६४ गंधग्राही प्रथिने एकमेकांसमोर आणून तपासण्यात आली. त्यातून उंदराच्या ५२ आणि माणसाच्या केवळ १० प्रथिनांची गंधद्रव्ये सापडली. हे आकडे यशाचे आहेत, तसेच कार्याच्या अवघडपणाचेही द्योतक आहेत. त्यानंतर ही संख्या वाढत गेली असली, तरी कोणत्या द्रव्याला ती ओळखतात हे ठाऊक नसलेली मानवी गंधग्राही प्रथिने आजही पुष्कळ आहेत.

कुपीतले प्रथिन आणि कामाचे प्रथिन

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारण महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी खरेदी करणाऱ्यांचाही त्यात गोंधळ होण्याचा संभव असतो. पुनर्संयोजित मानवी गंधग्राही प्रथिन या नावाने जे मिळते ते नेहमी एकाच योग्यतेचे नसते. काही वेळा तो प्रथिनाचा केवळ एक तुकडा असतो. जिवाणूंकडून किंवा गव्हाच्या अंकुराच्या अर्कात तो सहज घडविता येतो. प्रतिपिंडे तयार करणे, ती बरोबर ओळख पटवितात की नाही हे पडताळणे, अशा कामांना तो पुरेसा असतो. परंतु त्याला वास कळत नाही. काही वेळा संपूर्ण साखळी असते, पण ती घडी मोडलेल्या अवस्थेत असते. संपूर्ण, योग्य घडीचे आणि गंधद्रव्याला प्रतिसाद देणारे प्रथिन ही तिसरी आणि सर्वांत दुर्मिळ अवस्था होय. कुपीवरील नाव तेच असले, तरी तीनही गोष्टींचे मोल आणि उपयोग निरनिराळे आहेत. कोणत्या पेशीत घडविले, पूर्ण लांबीचे आहे काय आणि त्याची कार्यक्षमता तपासली आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून असा माल घेऊ नये.

ही तिसरी अवस्था शुद्ध स्वरूपात साधण्यास बराच काळ लागला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील शुगुआंग झांग यांच्या गटाने २००९ मध्ये १७-४ या क्रमांकाचे मानवी गंधग्राही प्रथिन मूत्रपिंडाच्या पेशींत मिलिग्रॅमच्या प्रमाणात तयार केले. पेशीपटलाच्या स्निग्ध आवरणाऐवजी साबणासारख्या द्रव्याचा आधार देऊन त्यांनी ते शुद्ध केले. मिलिग्रॅम हे प्रमाण किराणा दुकानाच्या तराजूत दिसणारही नाही. पण या क्षेत्रात ते भरघोस पीक मानले गेले.

त्यानंतर १४ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, गंधद्रव्य खोबणीत बसलेल्या अवस्थेतील मानवी गंधग्राही प्रथिनाची रचना प्रथमच प्रत्यक्ष दिसली. सॅन फ्रान्सिस्को येथील आशिष मंगलिक आणि मात्सुनामी यांच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या साहाय्याने ओआर ५१ई२ या प्रथिनाची ती रचना सिद्ध केली. हे प्रथिन नाकाखेरीज पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतही आढळते आणि म्हणूनच नाकाबाहेरच्या पेशींत ते तुलनेने सुलभतेने घडते. चीजच्या उग्र वासाशी संबंध असलेले प्रोपिओनेट हे द्रव्य त्याच्या खोबणीत नेमके कसे धरले जाते, हे त्यातून कळले. पुढील वर्षी, २०२४ मध्ये, आणखी एक उपाय प्रसिद्ध झाला. एकाच कुळातील अनेक गंधग्राही प्रथिनांत जे अमिनो आम्ल ज्या जागी बहुतेकांत आढळते, तेच त्या जागी घेऊन संशोधकांनी एक सर्वसामान्य प्रथिन जुळविले. अशी जुळविलेली प्रथिने मूळ प्रथिनांहून अधिक टिकाऊ ठरली आणि त्यांच्या रचनांचा अभ्यास करणे शक्य झाले.

या संशोधनाने काय शिकविले?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. गॅसच्या दर्पाचे रहस्य रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकीत होते. इथाइल मरकॅप्टन आणि साधे इथाइल अल्कोहोल यांच्या रेणूंची घडण जवळजवळ सारखी आहे. एकात गंधकाचा अणू, तर दुसऱ्यात त्याच जागी प्राणवायूचा. तरीही नाकाला मरकॅप्टन जाणवण्याची क्षमता अल्कोहोलच्या तुलनेत कितीतरी पटींनी अधिक आहे. २०१६ मध्ये काजव्याच्या दिव्याच्या याच पद्धतीने असे आढळून आले की, ओआर २टी११ हे मानवी प्रथिन या लहान गंधकयुक्त रेणूंना प्रतिसाद देते आणि त्यासाठी त्याला तांब्याच्या सूक्ष्म कणांची आवश्यकता असते. तांबे काढून घेतले की प्रतिसाद थांबतो. तांबे आणि गंधक यांची ओढ आपल्या गृहिणींना परिचित आहे. तांब्याची भांडी काळी पडण्यामागे तीच असते. तीच ओढ येथे नाकात धोक्याची सूचना देण्याचे काम करते.

दुसरी शिकवण अधिक गंभीर आहे. सर्वांची नाके सारखी नसतात. २००७ मध्ये ओआर ७डी४ या प्रथिनाचा अभ्यास झाला. अँड्रोस्टेनोन नावाचे द्रव्य काहींना घामट व किळसवाणे, काहींना गोडसर वाटते, तर काहींना त्याचा वासच येत नाही. या फरकाचा मोठा भाग त्या एकाच प्रथिनातील दोन अमिनो आम्लांच्या अदलाबदलीशी निगडित असल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासात असे अनुमान निघाले की, कोणत्याही दोन व्यक्तींच्या गंधग्राही जनुकांपैकी ३० टक्क्यांहून अधिक जनुकांत कार्याच्या दृष्टीने फरक असतो. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते, हे सर्वज्ञात आहे. २०१२ मध्ये तिचा काही अंशी संबंध गंधग्राही जनुकांच्या एका समूहाशी जोडला गेला. तेव्हा, मला वास येत नाही म्हणजे वास नाहीच, असे कोणीही म्हणू नये.

तिसरे उदाहरण पाण्याचे आहे आणि ते ग्रामपंचायतींच्या जिव्हाळ्याचे ठरावे. पहिल्या पावसाचा मृद्गंध कोणास आवडत नाही? त्यातील मुख्य द्रव्य जिओस्मिन होय. जमिनीतील काही जिवाणू ते तयार करतात, तसेच पाण्यातील नीलहरित शैवालही. हाच वास पिण्याच्या पाण्यास आला, तर लोक ते पाणी नाकारतात. एका लिटर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले, तरी अनेकांना ते जाणवते. जर्मनीतील म्युनिकजवळच्या फ्राइझिंग येथील संशोधकांनी शेकडो मानवी गंधग्राही प्रथिनांची छाननी केली आणि जिओस्मिनला ओआर ११ए१ हे प्रथिन ओळखते, असे २०२४ मध्ये दाखविले. जिओस्मिन एवढ्या अल्प प्रमाणात अपायकारक मानले जात नाही. परंतु त्याचा वास हा तलावात शैवाल वाढत असल्याचा इशारा असू शकतो. गावकऱ्यांची पाण्याच्या वासाबद्दलची तक्रार ही नुसती कुरकूर समजू नये. तिची नोंद घेऊन पाण्याचा नमुना तपासणीस पाठविणे, हेच शहाणपणाचे.

मर्यादा आणि अपेक्षा

या प्रथिनांपासून कृत्रिम नाक तयार होईल, ते रोग हुंगून सांगेल, अन्नातील भेसळ पकडेल, अशा वार्ता अधूनमधून येतात. त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत, हे खरे. परंतु स्निग्ध आवरणाबाहेर ही प्रथिने टिकत नाहीत, कोरड्या हवेत काम करीत नाहीत आणि नाकातील गंधपेशी जशा ठरावीक काळाने नव्या येतात, तशी सोय यंत्रात नसते. प्रयोगशाळेतील पेशी जे सांगते ते एका प्रथिनापुरते असते. प्रत्यक्ष वास मात्र अनेक प्रथिने आणि मेंदू मिळून ठरवितात. म्हणून आजमितीस ही प्रथिने मुख्यतः संशोधनाची साधने आहेत, असेच म्हणणे योग्य होईल.

तरीही या संशोधनाची निकड २०२० च्या महासाथीने सर्वांना पटवून दिली. कोविडच्या असंख्य रुग्णांचा वास एकाएकी गेला. विषाणूचा हल्ला प्रथम गंधपेशींवर न होता त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो, असे त्याच वर्षी दिसून आले. त्या धक्क्याने गंधपेशींतील गंधग्राही जनुकांचेच काम मंदावते, असे २०२२ मधील अभ्यासातून पुढे आले. पहारेकरी जागेवर होता, पण त्याच्या हातचे साधन काढून घेतले गेले होते. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये वासाची क्षमता अंकांत मोजणारे उपकरण योजून, लक्षणे न दिसणाऱ्या कोविडबाधितांतही घ्राणशक्ती उणावलेली असते, हे दाखविले. वास मोजता येतो आणि तो मोजला पाहिजे, ही जाणीव त्यातून निर्माण झाली.

आपले कर्तव्य

प्रयोगशाळेतील हे काम गावापर्यंत कसे पोहोचावे? त्यासाठी महागड्या यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. वाढत्या वयाबरोबर घ्राणशक्ती क्षीण होते, जुनाट सर्दी, डोक्यास मार आणि काही विषाणुजन्य आजार यांमुळे ती जाऊही शकते. पुष्कळ वृद्ध एकटे राहतात आणि गॅसवर स्वयंपाक करतात. ग्रामसभेत, महिला मंडळात, आरोग्य शिबिरात एक साधा प्रश्न विचारला जावा : घरातील कोणाला वास येत नाही असे आहे काय? असल्यास त्या घरी शेगडी व नळी यांची तपासणी दुसऱ्या माणसाने नियमित करावी, रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी आणि शक्य असेल तेथे गळती ओळखणारे उपकरण बसवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साठतो, आणि सतत एकच वास घेत राहिल्यास निरोगी नाकही त्याला सरावते, या दोन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असाव्यात. गळतीची शंका येताच विजेचे बटण न दाबता, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या तातडीच्या क्रमांकावर कळवावे.

शिक्षकांसाठी हा विषय विज्ञानाच्या अनेक शाखा जोडणारा आहे. जनुक, प्रथिन, पेशीपटल, काजव्याचा प्रकाश, तांबे-गंधकाचे रसायन आणि घरातील सिलिंडर ही सारी एका सूत्रात ओवता येतात. वेलदोडा, लवंग, हिंग आणि कॉफी यांच्या झाकलेल्या पुड्या हुंगवून वर्गातील मुलांच्या उत्तरांचा तक्ता केला, तर माणसामाणसांतील फरक त्यांना स्वतःच दिसेल. एखादे मूल वारंवार चुकत असेल, तर त्याची थट्टा न करता पालकांना कळवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सांगावे.

न्यू लंडनच्या त्या शाळेतील मुलांच्या नाकात गंधग्राही प्रथिने होतीच. उणीव होती ती वायूतील वासाची. तेव्हापासून वायूला वास देण्याची व्यवस्था झाली. तो वास प्रत्येकाला कळतो काय, हे पाहण्याची व्यवस्था करणे हे पुढचे पाऊल होय. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आपल्या परीने ते टाकीत आहेत. शाळा, पंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी आपापल्या गावात ते टाकल्यास या विज्ञानाचे खरे चीज होईल.